पायाच्या मापाची सायकल

सुरत सोडून उत्तरेकडे निघालेली आगगाडी तापीचा पूल ओलांडते, उत्राण मागे पडते आणि पुढचे लहानसे स्थानक येते ते कोसाडचे. एके काळी हे शेतांनी वेढलेले खेडे होते. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली आणि कोसाड शहरात आले. पुढे जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाखाली येथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बहुमजली घरांची मोठी वसाहत उभी राहिली आणि शहरातील झोपडपट्ट्यांतून उठविलेली माणसे येथे राहावयास आली. डोक्यावर पक्के छप्पर आले खरे. परंतु पूर्वी जे काम पायी गाठता येत असे ते दूर गेले. अमरोलीचा पूल ओलांडून कतारगामातील कारखाना गाठावयाचा म्हणजे पाच-सात किलोमीटरची वाट झाली. उधन्याकडे जाणाऱ्यास तर त्याच्या दुपटीहून अधिक अंतर पडते.

पाच-सात किलोमीटर हे अंतर मोठे चमत्कारिक आहे. पायी जाण्यास ते लांब आणि पेट्रोल जाळण्यास ते जवळ. नेमक्या अशाच अंतरासाठी सायकल निर्माण झाली आहे. म्हणूनच कोसाडसारख्या वस्तीत, मग तो सौराष्ट्रातून आलेला हिरेकामगार असो की उधना-जळगाव मार्गाने खानदेशातून सुरतेस येऊन स्थिरावलेला मागावरचा मराठी कारागीर असो, चाळिशी-पंचेचाळिशीच्या माणसाच्या मनात एक जुना विचार पुन्हा डोकावू लागतो : पुन्हा सायकल घ्यावी काय?

हा विचार काही नवा नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात देशात सायकलींचे मोठे कारखाने निघाले. सोनपतची ॲटलस १९५१ सालची, लुधियान्याची हीरो १९५६ सालची. पुण्यासारखे नगर तर त्या काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. कारकून, शिक्षक, विद्यार्थी, गिरणीकामगार सारेच सायकलीवर. मग मोपेड आली, स्कूटर आली, हप्त्यावर मोटारसायकल मिळू लागली, आणि सायकल जिन्याखाली जाऊन पडली. जून २०२० मध्ये ॲटलसचा साहिबाबादचा कारखानाही बंद झाला. तरी सायकल संपली असे मात्र नव्हे. २०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलीने जात असल्याचे दिसून आले. बदलला आहे तो सायकलीचा मान. ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याचे वाहन, अशी तिची गणना होऊ लागली. पंचवीस वर्षांनी तिच्याकडे परतणाऱ्या माणसाला पैशाइतकाच ह्या संकोचाचाही विचार पडतो. कदाचित म्हणूनच तो दुकानात शिरला की सर्वांत झगमगीत सायकलीपुढे जाऊन उभा राहतो.

येथेच पहिली चूक होते. सायकलीकडे परतलेल्या पुष्कळ प्रौढांची सायकल महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जिन्याखाली जाते. गुडघे दुखू लागतात, हाताला मुंग्या येतात, कंबर धरते. आणि ‘आता वय झाले’ असा निर्वाळा देऊन प्रकरण मिटविले जाते. वस्तुतः ह्यांतील बहुतेक तक्रारींचे मूळ वयात नसून मापात असते. सायकल चालविण्याची कला शरीर विसरत नाही. परंतु वीस वर्षांच्या देहाने जी चुकीच्या मापाची सायकल निमूटपणे सोसली, ती पंचेचाळीस वर्षांचा देह सोसत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण पैशाला लागू आहे. सायकलीला मात्र पाय पाहून अंथरूण घ्यावे लागते.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी घरी एक माप काढावे. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन्ही पायांमध्ये एखादे जाड पुस्तक आडवे धरून वर घट्ट टेकवावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ही पायाची आतली लांबी. तिला ०.८८ ने गुणले म्हणजे पेडल फिरविणाऱ्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अदमासे मिळते. आतली लांबी ७८ सेंटिमीटर असेल तर सीट ६९ सेंटिमीटरांच्या आसपास हवी. ज्याला गुणाकाराचा कंटाळा असेल त्याने सीटवर बसून, भिंतीचा आधार घेऊन, सर्वांत खाली गेलेल्या पेडलवर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग पावलाचा पुढचा भाग पेडलवर आला म्हणजे गुडघ्यात आपोआप थोडासा बाक उरतो. तोच योग्य बाक होय.

आपल्याकडे बहुसंख्य लोक ह्याहून बऱ्याच खाली बसतात, कारण रहदारीत थांबताना दोन्ही पावले जमिनीवर टेकावीत अशी त्यांची इच्छा असते. इच्छा समजण्यासारखी आहे. पण तिची किंमत गुडघा देतो. सीट खाली असली की पाय पुरता उलगडत नाही आणि वाकलेल्या गुडघ्यानेच सारा जोर लावावा लागतो. ह्यावर मधला मार्ग आहे. पहिल्या आठवड्यात सीट थोडी खाली ठेवावी आणि धीर येईल तसतशी दर आठवड्याला बोटभर वर घ्यावी. मात्र सीटच्या दांड्यावर किती भाग आत राहिलाच पाहिजे ह्याची खूण असते; ती खूण बाहेर दिसू लागली तर दांडा मोडण्याचा धोका असतो. तेवढे करूनही माप जुळत नसेल तर सायकलच लहान आहे असे समजावे. उलट, सायकलीच्या दोन्ही बाजूंस पाय टाकून उभे राहिले असता आडवी नळी अंगाला टेकत असेल तर सांगाडा मोठा आहे. निदान दोन-तीन सेंटिमीटरांची मोकळीक हवीच. २८ इंची चाकांची, २२ इंची सांगाड्याची जुन्या धाटणीची काळी सायकल पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाला पुष्कळदा उंच पडते. वडिलांची हीच होती म्हणून आपल्यालाही हीच बसेल, असे नाही.

मापानंतर प्रश्न येतो गिअरचा, आणि बाजारात सर्वांत अधिक पैसा वाया जातो तो येथेच. गिअर म्हणजे काय हे थोड्या हिशेबाने कळते. साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चक्राला बहुधा ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतात. पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक सुमारे अडीच वेळा फिरते आणि चाकाचा घेर सव्वादोन मीटरांचा असल्याने सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर हा वेग ताशी वीस किलोमीटर होतो. तरुणाला तो सोपा. परंतु परतलेला प्रौढ ताशी बारा-पंधराने जातो, म्हणजे तो पाय अगदी सावकाश आणि म्हणून प्रत्येक फेऱ्याला अधिक जोर लावून फिरवीत असतो. हा जोर पुन्हा गुडघ्यावरच येतो.

एकवीस गिअरांची सायकल हा त्यावरचा एक उपाय आहे, पण एकमेव नव्हे. मागचे १८ दातांचे फ्रीव्हील काढून २० दातांचे बसविले तर एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर जाते, २२ दातांचे बसविले तर साडेचार. चाल किंचित मंदावते आणि पाय हलका होतो. हे काम कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्त करणारा थोडक्या वेळात करून देतो आणि त्याचा खर्च नव्या गिअरच्या सायकलीच्या मानाने नगण्य असतो. सुरतेची भूमी सपाट आहे. येथे चढ म्हणजे पुलाचा चढ; आणि दुसरा, न दिसणारा चढ म्हणजे वारा. उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा वाहतो. कोसाडहून शहराकडे जाताना तो बराचसा समोरून लागतो आणि परतताना पाठीशी येतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. म्हणून वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा पाच मिनिटे आधी निघणे हेच शहाणपणाचे. ज्याच्या वाटेवर दोन-तीन उड्डाणपूल आहेत किंवा ज्याला पंधरा किलोमीटर जावयाचे आहे, त्याने सहा-सात गिअर असलेल्या साध्या सायकलीचा विचार अवश्य करावा. एकवीस गिअरांपैकी पुष्कळसे त्याच्याही उपयोगी पडत नाहीत.

आता बाजारात मिळणाऱ्या प्रकारांकडे पाहू गेले तर ते मुख्यतः चार आहेत. पहिली काळी सायकल. ही आज साधारण पाच-सात हजारांत मिळते. वजनाने सुमारे वीस किलो भरते, पण मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनवरचे झाकण सारे बरोबर येते आणि तिचा प्रत्येक भाग खेड्यापाड्यांतही मिळतो. उणीव एवढीच की लोखंडी रिमवर पाऊस पडला म्हणजे ब्रेक फार उशिरा लागतो; पावसाळ्यात अंतर राखून चालणे आणि ब्रेक लवकर दाबणे ह्याला तेथे पर्याय नाही.

दुसरी, जिला लोक सरसकट ‘रेंजर’ म्हणतात ती जाड टायरांची २६ इंची सायकल. तिचा सांगाडा मध्यम उंचीच्या माणसाला बरा बसतो. परंतु तिच्यावर पुढेमागे बसविलेले स्वस्त शॉकॲब्सॉर्बर पाहून भुलू नये. खडबडीत डोंगरवाटेसाठी योजलेली ही वस्तू स्वस्तात केली की वजन वाढविते आणि पेडलवर टाकलेला जोर वरखाली हिंदकळण्यात घालविते. घ्यावयाचीच तर शॉक नसलेली घ्यावी आणि मडगार्ड व कॅरिअर लावून घ्यावेत.

तिसरी ‘हायब्रीड’ म्हणविली जाणारी, मोठ्या परंतु बारीक टायरांच्या चाकांची. ती हलकी व वेगवान असते, तिची किंमत बहुधा दहा-बारा हजारांपासून पुढे सुरू होते. रोज लांब जाणाऱ्यास ती मानवते. ज्यांचे घर वरच्या मजल्यावर आहे आणि चोरीच्या भीतीने सायकल वर न्यावी लागते, त्यांना तिच्या कमी वजनाचे मोल जिना चढताना कळते.

चौथी, जिचा विचार पुरुष करीतच नाहीत ती, आडवी नळी खाली वाकविलेली, ‘लेडीज’ म्हटली जाणारी सायकल. साडी नेसणाऱ्या स्त्रीसाठी ती सोयीची आहेच. पण ज्याची कंबर आखडली आहे, ज्याला पाय मागून उंच फिरवून बसणे जड जाते, अशा पन्नाशीच्या पुरुषालाही तिच्याइतकी सुरक्षित दुसरी सायकल नाही. गुजरातेत सरस्वती साधना योजनेखाली नववीत शिकणाऱ्या मागास प्रवर्गांतील मुलींना शासनाकडून सायकली मिळतात. मुलीचे शिक्षण पुढे सरकल्यावर अशी एखादी सायकल घरात धूळ खात उभी असेल तर आईने किंवा वडिलांनी तिच्यावर बसून पाहावे. सर्वांत स्वस्त सायकल ती, जी घरातच आहे. तिला आड येतो तो केवळ संकोच.

विजेवर चालणाऱ्या सायकलींचीही अलीकडे चर्चा होते. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेली मान्यताप्राप्त सायकल कायद्याने मोटार वाहन गणली जात नाही. ज्याचे गुडघे खरोखरच अधू आहेत त्याला तिचा आधार होऊ शकेल. परंतु तिची किंमत साध्या सायकलीच्या अनेक पट असते आणि काही वर्षांनी बॅटरीचा खर्च पुन्हा उभा राहतो. म्हणून प्रथम साध्या सायकलीवर महिनाभर चालवून पाहणे बरे.

पैशाचा हिशेब सोपा आहे. कोसाडहून सहा किलोमीटरांवर काम असलेला माणूस जाऊन-येऊन रोज बारा आणि महिन्याच्या २६ दिवसांत सुमारे ३१२ किलोमीटर जातो. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर सहा लिटरांहून थोडे अधिक पेट्रोल लागते. लिटरला ९५ रुपये धरले तर हा खर्च जवळजवळ सहाशे रुपये होतो. सायकलीच्या देखभालीसाठी शंभर रुपये बाजूला ठेवले तरी महिना पाचशे वाचतात. सहा हजारांची सायकल बारा महिन्यांत आपली किंमत फेडते, पंधरा हजारांची अडीच वर्षांत. आणि जिन्याखाली पडलेली सायकल, मग ती कितीही स्वस्त असो, कधीच फेडीत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, हेही दुकानात विसरू नये. शिवाय ठरविलेल्या रकमेतील पाचवा हिस्सा कुलूप, दिवा, घंटा आणि हवेचा पंप ह्यांसाठी आधीच राखून ठेवावा. बहुतेक खरेदी येथेच फसते : सारा पैसा सायकलीत जातो आणि दिवा ‘पुढच्या महिन्यात’ राहतो.

ज्याला नवी सायकल परवडत नाही त्याने जुनी घेण्यात मुळीच कमीपणा नाही. मात्र ती पारखून घ्यावी. चाक उचलून फिरवावे; ते थोडे डुलत असेल तर आऊट काढता येतो, पण रिमच आतून गंजली असेल तर चाक बदलावे लागते. हँडलखालच्या जोडापाशी रंग सुरकुतला किंवा तडकला असेल तर सायकलीचा अपघात झालेला असण्याचा संभव आहे. अशी सायकल फुकटातही घेऊ नये. पेडलचे दांडे हातात धरून आडवे हलवावेत. खडखड झाली तर आतील छर्रे व कोन झिजलेले असतात, पण ते बदलता येतात. पुढच्या चक्राच्या अगदी समोर चेन बोटाने ओढून पाहावी. ती दातांपासून बरीच सुटी होत असेल तर ती ताणली गेली आहे, आणि तिच्याबरोबर फ्रीव्हीलचाही खर्च धरावा. सांगाड्यावरचा क्रमांक आणि मूळ पावती विक्रेत्याकडे मागावी. चोरीची सायकल कितीही स्वस्त मिळाली तरी ती महागच पडते. एकंदर दुरुस्ती नव्या सायकलीच्या निम्म्या किमतीवर जाऊ लागली तर मोह आवरावा.

सायकल घरपोच डब्यात मागविण्याची सोय आता झाली आहे. परंतु ती जोडून, चाके सरळ करून, ब्रेक जुळवून देणारा माणूस डब्यात येत नाही. किंमत थोडी अधिक पडली तरी घराच्या वाटेवरच्या दुकानातून सायकल घ्यावी. पहिल्या महिन्यात नव्या आऱ्या सैल होतात, ब्रेकची तार ताणते. ते एकदा कसून घेतले की सायकल पुढे फारसा त्रास देत नाही. आठवड्यातून एकदा टायरच्या कडेवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा आणि पावसाळ्यात चेनला वरचेवर तेल, एवढीच तिची नित्याची मागणी असते.

मागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. त्यामुळे पुष्कळांचे जाणे किंवा येणे अंधारात होते, आणि कामावरून परतणारा माणूस थकलेला असतो. म्हणून पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा, पेडलवर व चाकांवर चकाकणाऱ्या पट्ट्या आणि अंगात फिका सदरा ह्या गोष्टी शोभेच्या नाहीत. डोक्यावर शिरस्त्राण असावे. उड्डाणपुलावर भरधाव वाहनांत शिरण्यापेक्षा खालचा रस्ता थोडा लांबचा असला तरी तोच बरा.

आरंभ मात्र सबुरीने करावा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्याने वैद्यांचा सल्ला घ्यावा. इतरांनी पहिले चार-पाच दिवस पहाटे वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर दोन-दोन किलोमीटर फिरावे. मग सुटीच्या दिवशी कामाच्या ठिकाणापर्यंत एकदा जाऊन यावे आणि त्यानंतरच कामाच्या दिवशी निघावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविते. सहा किलोमीटरांची वाट सायकलीने पंचवीस-तीस मिनिटांत संपते. म्हणजे ज्याला व्यायामाला वेळ नाही तोही कामावर जाता-येता तीन दिवसांतच तो हिशेब पुरा करतो.

दुकानदाराला विचारावयाचे प्रश्न अशा रीतीने फार थोडे उरतात. कितवा गिअर, कोणता रंग, कोणता नवा नमुना हे त्यांत नाहीत. ही पायाच्या मापाची आहे काय, हिचे सामान घराजवळ मिळते काय, आणि उद्या सकाळी हिच्यावर बसून कामावर जाता येईल काय, हे तीनच प्रश्न खरे. ह्या तिहींचे उत्तर होय असेल तर सायकल कोणत्या प्रकारची आहे आणि शेजारी काय म्हणतील ह्याला फारसे महत्त्व उरत नाही. पहाटे अमरोलीच्या पुलावर सायकलींची रांग लागते. त्या रांगेत कोणाची सायकल किती किमतीची आहे हे कोणी पाहत नाही; ज्याची त्याची नजर पुलापलीकडच्या वाटेवर असते.